टक्केवारी वाचण्याआधी

डिचोलीहून आलेल्या एका बाईंनी रिपोर्ट माझ्या टेबलावर पसरला आणि बोट नेमकं शेवटच्या ओळीवर टेकवलं. "दोतोर, हें चाळीस म्हळ्यार कितें?" स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट होता, दोन पानी, इंग्रजीत. वर गाठीचा प्रकार, मग ग्रेड, मग संप्रेरकांच्या तपासण्या, आणि तळाशी 'केआय-67 : 40 टक्के'. बाईंची समजूत अशी की रोग अंगात चाळीस टक्के पसरलाय. नवऱ्याने निराळा अर्थ लावला होता आणि तो बोलून दाखवत नव्हता. नंतर बाहेर व्हरांड्यात त्याने मला एकट्याला गाठून विचारलं, जगायची शक्यता चाळीसच का? सोबतचा भाचा नुकता बारावी झालेला. तो म्हणाला, पस्तीसला पास असतं, म्हणजे चाळीस तर... आणि मावशीचा चेहरा बघून गप्प झाला.

तिघांचाही अंदाज चुकला होता, पण त्यांना दोष कसा देणार? आमच्याकडे घरात कोकणी बोलतात, पेपर मराठी वाचतात आणि आजार इंग्रजीत होतो. पेडण्यात हेच, डिचोली-साखळीत हेच, इकडे फोंड्याच्या अंत्रुज महालातही हेच. भजन मराठीत, जत्रेतलं नाटक मराठीत, देवळाची पत्रिका मराठीत. स्वतःच्या गाठीबद्दलची दोन वाक्यं वाचायला मात्र शेजारच्या शिकलेल्या पोराला हाक मारायची. मी बरीच वर्षं फोंड्यात पॅथॉलॉजीचं काम करतो. काढलेले तुकडे काचेवर बघून रिपोर्ट लिहिणं हा माझा व्यवसाय, म्हणजे ती इंग्रजी वाक्यं लिहिणाऱ्यांतलाच मी एक. त्या दिवशी बाईंना समजावून सांगायला पाऊण तास गेला. तेवढ्यात चार रिपोर्ट लिहून झाले असते, असा हिशेब मनात आला आणि आपलीच लाज वाटली. हे पुस्तक लिहायचं तेव्हा ठरलं.

पुस्तकाचा विषय आहे पेशींच्या वाढीच्या खुणा. गाठीतल्या पेशी किती जोमाने दुणावताहेत याचा अंदाज देणाऱ्या या खुणांना आम्ही मार्कर म्हणतो. त्यांत केआय-67 सर्वांत जास्त वापरात, म्हणून पुस्तकाची निम्म्याहून अधिक पानं त्याने घेतली आहेत. प्रस्तावनेतही बहुतेक तोच आहे.

आधी बाईंच्या चाळीसाचं बघू. त्यांच्या गाठीचा जो तुकडा काढला, त्यात कर्करोगाच्या जेवढ्या पेशी मोजल्या, त्यांपैकी शंभरांमागे चाळीस पेशी तुकडा काढला त्या घटकेला विभाजनाच्या फेऱ्यात होत्या. एवढंच. रोग कुठवर पसरला हे त्या आकड्यात नाही; त्यासाठी स्कॅन आणि काखेतल्या गाठींची तपासणी असते. किती वर्षं जगणार हे तर नाहीच नाही.

एका पेशीच्या दोन होतात त्याला ठरलेला क्रम आहे. पेशी आधी तयारी करते, मग डीएनएची नक्कल उतरवते, नक्कल ठीक आली का ते तपासते आणि मग दुभंगते. या फेऱ्याबाहेर स्वस्थ बसलेल्या पेशींत केआय-67 नावाचं प्रथिन सापडत नाही. फेऱ्यात शिरलेल्या पेशींच्या केंद्रकात सापडतं. सकाळी नऊ वाजता फोंड्याच्या तिस्कावर उंचावरून एक फोटो काढला, आणि कॅमेरा असा की गरम इंजिन तेवढं लाल दिसावं, तर काय कळेल? कुठल्या गाड्या चालू आहेत आणि कुठल्या उभ्या करून मालक चहाला गेलेत, एवढं. चालू गाडी मडगावला अर्ध्या तासात पोचणार की वाटेतल्या चढावर अडकून राहणार, हे त्या फोटोत नसतं. शिवाय गाठीत पेशी जन्मतात तशा मरतातही, काही गाठींत तर फार मोठ्या संख्येने. गाठ वाढते ती जन्मांतून मृत्यू वजा जाऊन. केआय-67 वजाबाकीची फक्त वरची ओळ दाखवतं.

विभाजन मोजण्याची सवय मात्र केआय-67 च्या बरीच आधीची. जर्मनीच्या उत्तरेला कील नावाचं बंदर आहे. तिथल्या विद्यापीठात वाल्थर फ्लेमिंग यांनी पेशी दुभंगताना केंद्रकात दिसणाऱ्या धाग्यांची हालचाल टिपली आणि 1882 साली तिला मायटोसिस हे नाव दिलं. त्यांनी रेखाटलेल्या आकृती आम्ही आजही काचेवर शोधतो. स्तनाच्या कर्करोगाची ग्रेड ठरवताना तीन गोष्टींना एक ते तीन गुण देतात: पेशी नळ्यांसारखी रचना किती टिकवून आहेत, केंद्रकं किती बिघडलीत आणि मायटोसिस किती दिसतात. ब्लूम आणि रिचर्डसन यांनी 1957 मध्ये घालून दिलेली ही रीत 1991 मध्ये नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी पक्की केली. बेरीज आठ किंवा नऊ आली की ग्रेड तीन. या कामाला महागडं काही लागत नाही. चांगली काच, चांगला मायक्रोस्कोप आणि मान अवघडेपर्यंत बसायची तयारी असली की झालं. गोव्यात मायक्रोस्कोप चांगला ठेवणं हेच एक काम आहे म्हणा. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, आणि बुरशीच्या जाळ्यातून मायटोसिस शोधणं म्हणजे धुक्यात चोर्ल्याचा घाट उतरणं.

मायटोसिसची अडचण अशी की पेशीच्या फेऱ्यातला तो अगदी थोडा वेळ, तासाभराचा. बाकी सगळी तयारी साध्या काचेवर दिसतच नाही. ती दिसण्याची सोय पुन्हा कीलमध्येच झाली, फ्लेमिंगनंतर शंभर वर्षांनी. योहानेस गेर्डेस, हाराल्ड श्टाइन आणि त्यांचे सहकारी हॉजकिन लिम्फोमाच्या पेशी ओळखणारं प्रतिपिंड शोधत होते. 96 खळग्यांच्या प्लेटमधल्या 67 व्या खळग्यात भलतंच हाती लागलं. हे प्रतिपिंड हॉजकिनच्याच नव्हे, विभाजनात असलेल्या कुठल्याही पेशीच्या केंद्रकाला जाऊन चिकटे. शहराच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि खळग्याचा नंबर जोडून बारसं झालं, आणि 1983 साली ते छापून आलं. गंमत म्हणजे हे प्रथिन पेशीत करतं काय, याचा मोठा उलगडा व्हायला 2016 साल उजाडलं: पेशी दुभंगताना गुणसूत्रं एकमेकांना चिकटून बसू नयेत म्हणून ते त्यांच्यावर साबणासारखा थर धरतं. म्हणजे तेहतीस वर्षं आम्ही ज्याला मोजत होतो त्याचं काम आम्हाला धड ठाऊक नव्हतं. वैद्यकात असं पुष्कळदा होतं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. भरतीओहोटीचं कारण कळण्याआधीही आमचे खारवी वेळेवरच होडी लोटत होते.

त्या पहिल्या प्रतिपिंडाला ताजा, गोठवलेला तुकडा लागे. तालुक्याच्या गावाला त्याचा काही उपयोग नव्हता. 1992 मध्ये एमआयबी-1 हे नवं प्रतिपिंड आलं, तेव्हा फॉर्मालिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या नेहमीच्या तुकड्यावरही हे काम जमू लागलं. अट एकच, तुकड्याची काच आधी चांगली उकळून घ्यायची. फॉर्मालिनने प्रथिनं एकमेकांत अडकून बसलेली असतात, ती उष्णतेने सुटतात. मूळ कृतीत मायक्रोवेव्ह होता. आपल्याकडच्या कितीतरी लॅबांनी त्याच्या जागी प्रेशर कुकर आणला.

हा कुकर घरातल्यासारखाच असतो. मेणातून कापलेला तीन-चार मायक्रॉनचा पापुद्रा काचेवर घेतलेला. अशा काचा स्टँडमध्ये उभ्या करायच्या, तांदूळ-डाळीऐवजी सायट्रेटचं पाणी, आणि शिट्टीवर लक्ष. नव्याने लागलेली एक तंत्रज्ञ मुलगी पहिल्याच दिवशी आत डोकावून म्हणाली होती, "सर, डाळ की भात?" कुकर आपोआप निवू द्यावा लागतो. घाई केली तर पापुद्रा काचेवरून सुटून पाण्यात तरंगतो, आणि तो तुकडा म्हणजे कुणाच्या तरी अंगातून सुईने मिळवलेली सुतासारखी काडी असते, पुन्हा मागता येत नाही. मग प्रतिपिंडाचे थेंब, मग ते पकडणारं दुसरं रसायन, आणि शेवटी डीएबी, ज्याने केआय-67 असलेलं केंद्रक तपकिरी होतं. बाकीच्या पेशींना हिमॅटॉक्सिलिनचा निळा रंग. तो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून काढतात. काच भिंगाखाली सरकवली की निळ्या ठिपक्यांच्या अंगणात नाचणीचे दाणे सांडल्यासारखं दिसतं.

त्याच काचेच्या कडेला टॉन्सिलचा एक कण बसवलेला असतो. टॉन्सिलच्या पोटात जंतूंशी लढणाऱ्या पेशींची पैदास चाललेली असते आणि तिथल्या जवळजवळ सगळ्या पेशी तपकिरी व्हायला हव्यात. त्या झाल्या नाहीत तर त्या दिवशीच्या काचा बाद. पावसात रात्रभर वीज गेली आणि फ्रीजमधलं प्रतिपिंड तापलं, तर पहिली चुगली टॉन्सिल करतं.

टॉन्सिल आणखीही एक सांगतं: जोरात विभागणं म्हणजे कर्करोग नव्हे. आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, भरून येणारी जखम, सगळीकडे नाचणी सापडते. म्हणून निदान करताना किती याच्याइतकंच कुठे हेही बघावं लागतं. तोंडाच्या आतल्या त्वचेत विभागणाऱ्या पेशी तळच्या थरांत असतात. त्या वरच्या थरांत चढलेल्या दिसल्या, आणि माणूस गालात तंबाखूची गोळी धरणारा असला, तर ती जागा सोडून देता येत नाही. गर्भाशयमुखाच्या तपासणीत पी16 आणि केआय-67 हे दोन रंग एकाच पेशीत एकत्र आले की आम्ही सावध होतो, कारण निरोगी पेशीत ते सहसा एकत्र नांदत नाहीत.

आता मोजणी. भिंग चारशे पट, पेशी निदान पाचशे, जमल्यास हजार. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात पहिल्याच मिनिटाला वाद उभा राहतो. एक केंद्रक गडद तपकिरी, शेजारचं चहात बुडवून काढल्यासारखं फिकट: हे दुसरं मोजायचं का? तुकड्याच्या एका कोपऱ्यात दाणे दाट, बाकी भाग विरळ: कोपरा मोजायचा की सगळीकडची सरासरी घ्यायची? मधेच आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी घुसलेल्या असतात, त्याही तपकिरी. त्या चुकून हिशेबात आल्या तर आकडा फुगतो. या कामात मुरलेल्या आठ प्रयोगशाळांनी 2013 मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या त्याच 100 गाठी मोजून बघितल्या. काचा एकाच ठिकाणी रंगवून सगळ्यांना दिल्या होत्या, तरी एका प्रयोगशाळेची सरासरी 7.1 टक्के आली आणि दुसरीची 23.9. ज्याने त्याने स्वतः रंगवल्यावर फरक आणखी वाढला, 6.1 पासून 30.1 पर्यंत. काचेखालची गाठ तीच, फक्त डोळे निराळे.

तरीही मर्यादा ठरवाव्या लागतातच, कारण समोर बसलेल्या बाईला केमो द्यायची की नाही हे आज सांगायचं असतं. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या तज्ज्ञ परिषदेने 2011 मध्ये संप्रेरकांना दाद देणाऱ्या स्तन-कर्करोगात 14 टक्क्यांवर रेघ मारली. दोनच वर्षांनी ती 20 च्या आसपास सरकली. ज्या बाईचा आकडा 16 होता तिची गाठ या दोन वर्षांत न हलता एका घरातून दुसऱ्या घरात गेली. पुढे केआय-67 वर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने 2021 मध्ये सरळ कबुली दिली: लवकर सापडलेल्या अशा गाठींत आकडा 5 किंवा खाली असेल किंवा 30 किंवा वर असेल तर निर्णयाला त्याचा आधार घ्या, मधल्या पट्ट्यात त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. माझ्या मते या विषयातलं हे सर्वांत शहाणं वाक्य आहे. आमच्या धंद्यात माहीत नाही म्हणायला फार धीर लागतो, आणि रुग्णालाही ते ऐकायला आवडत नाही. पण 18 आणि 22 यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे असं सांगणारा डॉक्टर भेटला, तर त्याला ती आठ प्रयोगशाळांची गोष्ट सांगावी. औषधांच्या परवानग्याही अशाच डळमळतात. अबेमासिक्लिब हे औषध लवकरच्या टप्प्यात द्यायला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली ती केआय-67 निदान 20 असण्याच्या अटीवर. 2023 च्या मार्चमध्ये ती अट काढून टाकली.

हे वाचून आकड्याला अर्थच नाही असं कुणाला वाटेल, तर तेही खरं नव्हे. स्वादुपिंडातल्या किंवा आतड्यातल्या न्यूरोएंडोक्राइन गाठी घ्या. तिथे केआय-67 आणि मायटोसिस यांवरच ग्रेड ठरते: 3 टक्क्यांच्या खाली पहिली, 3 ते 20 दुसरी, 20 च्या वर तिसरी. यकृतात उतरलेली गाठ असूनही आकडा 1 असेल तर माणूस वर्षानुवर्षं हिंडता-फिरता राहू शकतो. तीच गाठ 60 टक्क्यांची आणि पेशींची ठेवण पार बिघडलेली असेल तर उपचाराचा सगळा आराखडाच बदलतो. इथे मी मोजायला दुप्पट वेळ घेतो. फोटो छापून त्यावर पेनाने एकेक पेशी खुणावतो, दुकानदाराने उधारीच्या वहीत टिकल्या माराव्यात तसा.

आणि मोठा आकडा म्हणजे वाईट बातमी, हेही सरसकट धरून चालत नाही. डेनिस बर्किट यांनी 1958 मध्ये युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या गाठींचं वर्णन केलं, तो बर्किट लिम्फोमा. त्यात केआय-67 शंभराच्या घरात असतं, गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होते. आणि वेळेवर, नीट केमो मिळाली तर यांतली बहुतेक मुलं बरी होतात, कारण केमोची बरीचशी औषधं विभागणाऱ्या पेशीलाच धरतात. उलट फॉलिक्युलर लिम्फोमात आकडा बहुधा कमी असतो, माणूस दीर्घकाळ ठीक असतो, पण रोग मुळासकट जाता जात नाही, परत परत डोकं वर काढतो. भाच्याचं पास-नापासचं गणित इथे पुरतं कोलमडतं.

एका फोटोपेक्षा दोन फोटो बरे, ही साधी अक्कल ब्रिटनमधल्या पोएटिक चाचणीने सुमारे साडेचार हजार स्त्रियांवर वापरून बघितली. पाळी गेलेल्या, संप्रेरकाला दाद देणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे गोळी दिली आणि केआय-67 पूर्वी व नंतर मोजलं. हर-टू हे प्रथिन वाढलेलं नसलेल्या गाठींत ज्यांचा आकडा मुळातच कमी होता त्या गटात पाच वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण 4.3 टक्के. जास्त होता पण गोळीने खाली आला त्यांच्यात 8.4. आणि गोळी घेऊनही जास्तच राहिला त्यांच्यात 21.5. गाडीचं इंजिन चालू आहे का यापेक्षा ब्रेक दाबल्यावर ते ऐकतं का, हे कळणं जास्त कामाचं. 2020 साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष लहान गावांनाही झेपण्याजोगा आहे. लागतात फक्त दोन आठवड्यांच्या गोळ्या आणि दुसरा तुकडा.

बाकीच्या खुणांना पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, इथे ओझरता उल्लेख. पीसीएनए हे डीएनएभोवती कडीसारखं बसणारं प्रथिन 1978 मध्ये ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तामुळे उजेडात आलं. पण डीएनएच्या दुरुस्तीतही ते लागतं, म्हणून मोजणीला घोळ घालतं. चांदीच्या रंगाने केंद्रकातले ठिपके मोजायची एजीएनओआर ही स्वस्त पद्धत एके काळी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्रबंधांचा आवडता विषय होती. आता मागे पडली, आणि त्याची मला थोडी हळहळही वाटते. परदेशी पाठवायच्या 21 जनुकांच्या महागड्या चाचणीत वाढीशी निगडित पाच जनुकांचा एक गट असतो. त्यातलं एक नाव आपल्या ओळखीचंच, केआय-67.

आपल्या माणसांची आठवण न काढता हा विषय मराठीत लिहिणं मला बरं दिसत नाही. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकरांनी उचलली. लंडनला पॅथॉलॉजी शिकून आलेले, गोमंतक मराठा समाजातले. त्यांच्या आडनावातलं खानोली हे गाव वेंगुर्ला तालुक्यातलं, म्हणजे पेडण्याहून तेरेखोल ओलांडली की हाकेवर. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक असं त्यांना म्हणतात. 1945 साली सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी इथल्या माणसांच्या सवयी आणि इथले कर्करोग यांची सांगड घातली. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट कसलेल्या धोतराखाली होणारा कर्करोग त्यांनीच जगापुढे मांडला. काचेवरची पेशी बघताना ती कुणाच्या कमरेवरची, कुणाच्या गालातली, हे विचारायची सवय आम्हाला त्यांच्यापासून लागली.

खानोलकरांच्याच हाताखाली तयार झाल्या कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, 1917 चा, माहेरच्या समर्थ. शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसन. डॉक्टरेटनंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशी 1951 मध्ये बाटलीत वाढू लागल्या आणि आजतागायत थांबल्या नाहीत. रणदिवे परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर पेशी विभागताना डोळ्यांनी बघायची सोय आपल्याकडे अशी आली. केआय-67 चा शोध लागला तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या. मराठी शाळांतल्या मुलींना क्यूरीबाई माहीत असतात, रणदिवेबाई नसतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

तक्रारीवरून दुसरी आठवली, माझ्या रोजच्या कामातली. एकदा कॉफीच्या रिकाम्या बरणीत एक स्तनाची गाठ माझ्याकडे आली. नाव कुणाचं घेत नाही. दुपारी काढलेली, फॉर्मालिन संपलं होतं म्हणून सलाइनमध्ये ठेवलेली, त्यात शनिवार-रविवार. बरणी उघडली तेव्हा वासावरूनच कळलं. गाठ शरीरातून सुटली की तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये पडायला हवी, फॉर्मालिन गाठीच्या दहापट हवं, आणि मोठी गाठ मधोमध कापून ठेवायला हवी म्हणजे ते आतवर पोचतं. तसं झालं नाही तर मायटोसिस विरघळल्यासारखे दिसेनासे होतात आणि केआय-67 फिकट पडतं. काचेवर त्या गाठीत केवळ 4 टक्के दाणे आले. मी तो आकडा रिपोर्टात घातला नाही. 'तुकडा मोजण्याजोगा नाही' असं लिहिलं, आणि आधी सुईने काढलेल्या काडीचा मेणातला ब्लॉक मागवून त्यावर पुन्हा तपासणी केली. तिथे आकडा 35 आला. फॉर्मालिनच्या एका बाटलीवरून एक बाई केमोशिवाय घरी गेली असती. म्हणूनच सुईने काढलेली बारीक काडी, जी लगेच बाटलीत पडते आणि पटकन भिजते, ती केआय-67 ला जास्त विश्वासाची. शस्त्रक्रिया करणाऱ्या मित्रांनी या पुस्तकातलं एकच पान वाचायचं ठरवलं तर ते बरणीचं वाचावं.

आता संगणकावर काचेचा फोटो घेऊन पेशी मोजणारे प्रोग्राम आलेत. दमत नाहीत, त्यामुळे मोजणी सारखी येते. पण सलाइनमधल्या गाठीचे 4 टक्के तेही प्रामाणिकपणे 4 च सांगतील.

डिचोलीच्या बाईंच्या चाळीसाची तपासणी मी दुसऱ्या डोळ्यांकडून करून घेतली. आकडा 38 आला. दोन्ही आकडे तिसाच्या वर, ग्रेड तीन, म्हणजे सगळ्या गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवत होत्या. निर्णयाला तिथे अडचण नव्हती. घरच्यांना परळला टाटामध्येही एकदा दाखवायचं होतं. त्यासाठी माझ्याकडून त्यांनी ब्लॉक नेला. आगपेटीहून लहान प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात मेण, मेणात भुईमुगाच्या दाण्याएवढा करडा तुकडा, कडेला पेन्सिलने लिहिलेला नंबर. बाईंनी तो रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला आणि रात्रीच्या कोकणकन्येने नेला.

तुमच्या घरात कुणावर अशी वेळ आली तर रिपोर्टाबरोबर ब्लॉकचीही चौकशी करा आणि रिपोर्टावरचा त्याचा नंबर कुठेतरी लिहून ठेवा. आकड्याबद्दल शंका आली तर तोच तुकडा पुन्हा कापता येतो, पुन्हा रंगवता येतो, दुसऱ्याला दाखवता येतो. प्रवासात तो हातातल्या पिशवीत ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका; ते मेण 56 ते 60 अंशांना वितळतं.